ब्रेक लावला म्हणजे खुर्ची बांधली असं होत नाही

मुंबईतल्या कुठल्याही वृद्धाश्रमाच्या दारात सकाळी हे दृश्य दिसतं. डायलिसिसला किंवा डॉक्टरकडे नेणारी गाडी येते. मावशी आजींची व्हीलचेअर गाडीत चढवतात, मागच्या दोन्ही चाकांचे चाप खटकन दाबतात आणि ड्रायव्हरला सांगतात, "ब्रेक लावलाय दादा, निघा." सगळ्यांना वाटतं, झालं काम.

तो चाप नेमकं काय करतो, ते वाकून एकदा जवळून बघा. लोखंडाचा एक छोटा दांडा मागच्या टायरवर दाबला जातो, एवढंच. उभ्या खुर्चीतून उठता-बसताना ती मागे सरकू नये म्हणून तो असतो. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा रबर झिजलं असेल, तर तेवढंही काम तो करत नाही. पुढच्या छोट्या चाकांना तर ब्रेकच नसतो. गाडीत खाली गुळगुळीत मॅट असते, तिच्यावर चाकं न फिरताही खुर्ची घसरते. आणि वळणावर खुर्ची आडवी कलंडू लागली, की चाकं फिरतात की नाही याला काही अर्थच उरत नाही.

गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर रिक्षा आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, तर ६० किलोचं माणूस आणि १८ किलोची खुर्ची मिळून साधारण ५५ किलोच्या जोराने पुढे लोटली जातात. हा फक्त ब्रेकचा हिशोब झाला, धडकेचा वेगळाच. प्रवासात वापरायच्या व्हीलचेअर आणि त्यांचे पट्टे यांची आंतरराष्ट्रीय चाचणी ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेवर, वजनाच्या वीसपट ओढीवर होते. त्या ओढीला १८ किलोची खुर्ची ३६० किलोची होते आणि ६० किलोच्या आजी १२०० किलोच्या. "मी धरून बसतो ना मागून" म्हणणाऱ्या वॉर्डबॉयच्या हातांत कितीही ताकद असली, तरी हे वजन पेलत नाही. हाताने धरणं ही सोयच नाही, हे केअर होममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायला हवं.

म्हणून नियम एकच, पण त्याचे दोन भाग आहेत. खुर्ची गाडीला बांधायची आणि माणूसही गाडीलाच बांधायचं, दोघं वेगवेगळे. माणूस खुर्चीला बांधलं आणि खुर्ची मोकळी ठेवली, तर दोघं एकत्र जाऊन आदळतात. खुर्ची बांधली आणि माणसाला फक्त खुर्चीचा वेल्क्रोचा पट्टा लावला, तर धडकेत वेल्क्रो टिकत नाही. तो पट्टा नीट बसता यावं यासाठी असतो, अपघातासाठी नसतो. आणि माणसाला गाडीचा बेल्ट लावून खुर्ची मोकळी सोडली, तर मागून खुर्चीचं वजन माणसाच्या पाठीवर येतं आणि पुढून बेल्ट आवळतो. तिन्ही चुका होतात, तिसरी सगळ्यात फसवी, कारण बेल्ट लावलेला दिसतो आणि मन निर्धास्त होतं.

पण त्याही आधीचा प्रश्न असा, की माणसाला खुर्चीत बसवून न्यायची गरज आहे का? कुणाच्या आधाराने का होईना, पण गाडीच्या सीटवर बसता येत असेल, तर सीटवरच बसवावं. गाडीची सीट आणि तिचा बेल्ट धडकेचा विचार करून बनवलेले असतात. आपल्याकडे सर्रास मिळणारी घडीची व्हीलचेअर, जिच्या सीटखाली कात्रीसारखा फुलीचा सांगाडा असतो, ती दवाखान्याच्या व्हरांड्यात फिरवायला बनवलेली असते. जोराचा धक्का बसला तर ती मिटू शकते.

सीटवर बसवताना खुर्ची गाडीच्या दाराशी साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात लावा. पाय ठेवायचे फूटरेस्ट काढून बाजूला ठेवा. नुसते वर उचलून ठेवले, तर नडगीला लागतात. खुर्चीचा गाडीकडचा हात (आर्मरेस्ट) निघत असेल तर काढा. गाडीची सीट पूर्ण मागे सरकवा. आधी कुल्ले सीटवर टेकवायचे, मग पाय आत घ्यायचे. पाय आधी आत टाकले, की अंगाला पीळ बसतो. मदतनीसाचा एक हात कमरेच्या ट्रान्सफर बेल्टवर (माणसाला धरून हलवायला कमरेला बांधायचा पट्टा) आणि दुसरा माणसाच्या डोक्यामागे, छताच्या कडेला असावा. काखेत हात घालून उचलू नका. लकव्याने लुळा पडलेला खांदा अशा ओढीने सहज निखळतो.

लकव्याच्या माणसाला कुठल्या दाराने बसवायचं, याचा विचार क्वचितच होतो. डाव्या दाराने आत जाताना माणूस उजवीकडे सरकतं, म्हणजे उजवी बाजू धड असेल तर सोपं पडतं. उतरताना मात्र तेच माणूस डावीकडे, म्हणजे लुळ्या बाजूकडे सरकतं. जाताना एका मावशीने जमलं, म्हणून येतानाही एकीनेच जमेल असं नाही. दवाखान्याच्या टोकालाही दुसरा माणूस तयार ठेवा. उजवं दार वापरून हे उलटवता येतं, पण मुंबईत उजवं दार रहदारीत उघडतं. ते फक्त आवारात गाडी उभी असेल तेव्हाच.

सीटवर सहज वळता यावं म्हणून प्लॅस्टिकची पिशवी खाली घालण्याची युक्ती चांगली आहे. फक्त बसून झाल्यावर ती पिशवी आठवणीने काढा. तशीच राहिली, तर ब्रेक लागताच माणूस बेल्टखालून पुढे घसरतं आणि बेल्ट पोटावर येतो. जाड फोमच्या उशीचंही तेच.

घडी केलेली खुर्ची कुठे ठेवायची, हा मुंबईचा खास प्रश्न. काळी-पिवळी टॅक्सी असो की ॲपवरची, डिकीत बहुधा सीएनजीची टाकी असते आणि व्हीलचेअर मावत नाही. मग ती मागच्या सीटवर आजींच्या शेजारी कोंबली जाते. १८ किलोचं लोखंड मोकळं, आजींच्या कानाशी. त्यापेक्षा छतावरच्या कॅरियरवर आडवी ठेवून रॅचेटच्या, म्हणजे दातेरी खटक्याने आवळायच्या, पट्ट्याने घट्ट बांधा, किंवा मोठी गाडी मागवा. फूटरेस्ट आणि हात वेगळे निघत असतील, तर ते पिशवीत घालून सीटखाली. गाडी मागवतानाच "व्हीलचेअर आहे, डिकी रिकामी हवी" असं फोनवर सांगितलं, तर दारातला अर्धा वाद वाचतो. रिक्षात बेल्ट नसतो, त्यामुळे नियमित फेऱ्यांसाठी रिक्षा धरूच नये.

आता ज्यांना सीटवर हलवणं शक्यच नाही, त्यांच्याबद्दल. पाठीचा कणा अजिबात सावरत नाही, दोन्ही पाय आखडलेत, वजन फार आहे किंवा खास आकाराची खुर्ची आहे, अशांना खुर्चीसकटच न्यावं लागतं. त्यासाठी गाडीच्या तळात पक्क्या बसवलेल्या रेल किंवा अँकर, म्हणजे पट्टे अडकवायच्या खाचा-कड्या, असलेली गाडीच लागते. सीट काढून मोकळी केलेली व्हॅन म्हणजे व्हीलचेअरची गाडी नव्हे.

खुर्चीचं तोंड नेहमी गाडीच्या पुढच्या दिशेला. आडवी लावलेली खुर्ची कितीही बांधा, ब्रेक लागला की माणूस बाजूला कोसळतं, आणि माणसाची मान आणि कंबर त्या दिशेचा धक्का सोसू शकत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचरशेजारच्या चिंचोळ्या जागेत खुर्ची आडवी घुसवण्याची सवय फार वाईट आहे. ॲम्ब्युलन्सच असेल, तर माणसाला स्ट्रेचरवर घ्या आणि स्ट्रेचरचे पट्टे लावा.

खुर्चीला चार पट्टे लागतात, दोन पुढे आणि दोन मागे. धडकेत सगळा भार मागच्या दोघांवर येतो. पुढचे दोन खुर्ची उलटी मागे जाऊ देत नाहीत आणि मागच्यांचा ताण टिकवून धरतात. मागचे पट्टे जमिनीशी ३० ते ४५ अंशांचा कोन करतील असे लावा, पुढचे ४० ते ६० अंशांचा. पुढचे पट्टे खुर्चीपेक्षा थोडे रुंद पसरलेले असले, तर खुर्ची आडवी हलत नाही. मागचे सरळ रेषेत हवेत.

हूक कुठे अडकवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. सांगाड्याच्या मुख्य नळ्या जिथे वेल्डिंगने जोडल्या आहेत, तिथे. मागे, सीटच्या किंचित खाली, पाठीची उभी नळी आणि सीटची आडवी नळी मिळते ती जागा. पुढे, छोट्या चाकांच्या वरचा नळ्यांचा कोपरा. चाकाच्या तारांना (स्पोक्सना) नाही, फूटरेस्टला नाही, निघणाऱ्या हाताला नाही, मागच्या ढकलायच्या मुठींनाही नाही. जी गोष्ट हाताने काढता येते, ती धक्क्यानेही निघते. प्रवासासाठी चाचणी झालेल्या, म्हणजे आयएसओ ७१७६ या व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९व्या भागात बसणाऱ्या खुर्च्यांवर या चार जागांपाशी हुकाचं छोटं चित्र असतं. आपल्या बहुतेक खुर्च्यांवर ते नसतं. मग एकदा नीट बसून चार जागा ठरवा आणि तिथे लाल चिकटपट्टी गुंडाळा. प्रत्येक वेळी नवा ड्रायव्हर, नवी मावशी असली, तरी लाल दिसलं की हूक कुठे लावायचा ते कळतं. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की लाल पट्टीने साधी खुर्ची चाचणी झालेल्या खुर्चीइतकी मजबूत होत नाही.

चारही पट्टे ताणले की चाकाचे चाप लावा, मग सांगाडा धरून खुर्ची पुढे-मागे आणि आडवी जोरात हलवा. ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली, तर पट्टा सैल आहे किंवा हूक चुकीच्या जागी आहे. पहिला स्पीडब्रेकर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा ओढून बघा. टायरची हवा दबली, की पट्टे ढिले पडतात. सुतळी, साडीचा काठ, स्कूटरवर सामान बांधायची रबरी दोरी यांपैकी काहीही चालत नाही. रबर तर ताणलं जाण्यासाठीच असतं.

मग माणसाचा बेल्ट. कमरेचा पट्टा पोटावर नाही, मांड्या जिथे सुरू होतात तिथे, कमरेच्या हाडांवर खाली बसला पाहिजे. खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून छातीच्या मध्यावर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बेल्ट खुर्चीच्या हातांवरून घेणं. वरून घेतला की पट्टा माणसापासून चार बोटं दूर राहतो, दिसायला लावलेला असतो आणि कामाला शून्य. हातांच्या आतून, सीट आणि हाताच्या फटीतून काढा. शाल, गोधडी बेल्टच्या वर पांघरा, खाली नाही. खुर्चीवरचा जेवणाचा ट्रे काढून ठेवा. पाठ मागे झुकवता येत असेल, तर प्रवासात सरळ करा. डोक्याला मागून आधार असेल तर फार बरं, कारण म्हाताऱ्या मानेला मागून आलेला झटका फार बाधतो.

डायलिसिसच्या रुग्णांसाठी एक बारीक पण मोलाची गोष्ट. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर तो बहुधा उजव्या बाजूला असतो आणि त्याचं तोंड उजव्या छातीवर येतं. गाडीच्या मागच्या उजव्या सीटचा बेल्ट उजव्या खांद्यावरून उतरतो, नेमका त्याच्यावर. अशांना डाव्या सीटवर बसवा. तिथला पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि वरची उजवी छाती मोकळी राहते. हातात फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) असेल, तर त्या हाताभोवती पट्टा किंवा मदतनीसाची पकड नको. डायलिसिस संपल्यावर लगेच उठवून गाडीकडे पळवू नका. रक्तदाब अनेकदा उतरलेला असतो, चक्कर येते आणि बसवता-बसवता माणूस हातातून निसटतं.

लघवीची पिशवी ओटीपोटापेक्षा खाली, पण चाकापासून दूर अडकवा. नळीला थोडी ढील ठेवा. उतरताना खुर्ची ओढली आणि पिशवी गाडीच्या कडीला अडकलेली राहिली, तर काय होतं हे नर्सना विचारा. ऑक्सिजनचा सिलेंडर, तो काळा, पांढऱ्या खांद्याचा, मांडीवर किंवा दोन पायांत उभा ठेवू नका. त्याला स्वतःचा पट्टा हवा. मधुमेहाच्या माणसांची पावलं अनेकदा बधिर असतात, पाऊल फूटरेस्टवरून घसरून चाकाखाली आलं तरी ती ओरडत नाहीत. निघण्यापूर्वी खाली वाकून पावलं डोळ्यांनी बघा. लुळा हात मांडीवर घ्या, चाकाच्या तारांत जाऊ देऊ नका. पदर, ओढणी, मॅक्सीची कड खोचून टाका.

रॅम्पवर पडण्याचा धोका मोठा, त्यामुळे तिथे घाई नको. इमारतीच्या रॅम्पला १:१२ चा, म्हणजे १२ फुटांत १ फूट, चढ असतो, गाडीचा रॅम्प त्याच्या तिपटीने उभा पडू शकतो. गाडीचा तळ जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आणि रॅम्प दोन मीटरचा असेल, तर चढ सुमारे १६ अंशांचा होतो. ७५ किलोचं माणूस आणि १८ किलोची खुर्ची चढवायला सतत २५ किलोपेक्षा जास्त जोर लागतो. दोन माणसं हवीतच, एक मागून ढकलायला आणि एक पुढून सांगाडा धरायला. चढताना माणसाचं तोंड गाडीकडे, उतरताना खुर्ची पाठमोरी, मदतनीस खालच्या बाजूला. बॅटरीवरची खुर्ची माणसासकट दीडशे किलोच्या वर सहज जाते. रॅम्पवर किती किलो लिहिलंय ते आधी वाचा. फुटपाथला लागून गाडी लावता आली आणि रॅम्प बाजूच्या दाराला असेल, तर चढ बराच कमी होतो. पेव्हर ब्लॉक सुटलेले नसावेत एवढं बघा. पावसाळ्यात रॅम्प फडक्याने पुसल्याशिवाय चाक टेकवू नका, आणि रस्त्यावर पाणी साचलं असेल तर तिथे उतरवूच नका, कारण रॅम्पची कड दिसत नाही.

सोबतच्या मदतनीसाने स्वतः बेल्ट लावून, माणसाचा चेहरा दिसेल असं बसायचं. खुर्चीपुढे उकिडवं बसून पाय धरणारा मदतनीस धडकेत स्वतः चिरडतो, मागे बेल्टशिवाय बसलेला रुग्णावर येऊन आदळतो. चेहरा दिसायला हवा तो श्वासासाठी. स्मृतिभ्रंशाच्या आजोबांना गाडीत डुलकी लागते, हनुवटी छातीला टेकते, श्वास घुसमटतो आणि शेजारचा मोबाइल बघत असतो. अशांच्या बाजूच्या दाराला चाइल्ड लॉक लावा, बेल्टचं बटण त्यांच्या हातापासून दूर राहील असं बघा. बोरिवलीहून परळपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. दर अर्ध्या तासाला वजन थोडं एका बाजूला घेऊन कुल्ल्यांवरचा दाब मोकळा करा, नाहीतर प्रवासातच व्रण सुरू होऊ शकतो.

ड्रायव्हर दादांसाठी दोनच गोष्टी. स्पीडब्रेकर आणि खड्डा पायी चालण्याच्या वेगाने. जे.जे. उड्डाणपुलासारख्या वळणांवर वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही. मागच्या सीटवरच्या बेल्टचा आग्रह मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून धरला आहे, आणि बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली १००० रुपये दंड आहे. खुर्चीसाठी गाडीचा तळ कापणं, मागचं दार बदलणं अशी कामं करायची असतील, तर आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद आधी. विमा कंपनीलाही कळवा.

पट्ट्यांची काळजी कुणीच घेत नाही. आपल्या खाऱ्या, दमट हवेत रॅचेटच्या दातांना आणि हुकांना गंज चढतो, रेलच्या खाचांत चिखल आणि चण्याफुटाण्याची सालं बसतात आणि अँकर पूर्ण अडकत नाही. खटका ऐकू आला नाही, तर तो अडकलेला नाही. आठवड्यातून एकदा रेल ब्रशने साफ करा. पट्टे साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. विणीचे धागे सुटले, कड कापली गेली किंवा पट्टा उन्हाने कडक झाला, तर फेकून द्या, गाठ मारून वापरू नका. अपघातात ताण बसलेला पट्टा वरून धड दिसला तरी बाद. बेल्ट कापायची छोटी कटर ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नाही.

पोचल्यावर क्रम उलटा, आणि गडबड इथेच होते, कारण दवाखान्याच्या दारात मागचे हॉर्न वाजवत असतात. इंजिन बंद, हँडब्रेक. आधी रॅम्प खाली टाका आणि एक माणूस खुर्चीमागे उभं करा, तोवर खुर्ची बांधलेलीच राहू दे. मग खुर्चीचे चाप लागलेले आहेत याची खात्री, मग माणसाचा बेल्ट, मग पुढचे दोन पट्टे. मागचे दोन सगळ्यात शेवटी, मागे उभ्या असलेल्याने दोन्ही मुठी घट्ट धरून "हो" म्हटल्यावर.